विसावा माणूस

उद्धवरावांच्या महाळुंग्याच्या शॉपमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या लहान कारखान्यात, एकोणीस माणसं होती. कुणी सोडून गेलं की अठरा व्हायची, कधी सतराही, पण एकोणिसाच्या वर हा आकडा सत्तावीस वर्षांत एकदाही गेला नव्हता. "विसावा आला की विसावा गेला," हे त्यांचं वाक्य घरातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. विसावा माणूस मस्टरवर चढला की पीएफ लागतो, आणि तो त्या एकट्याला नाही, पहिल्यापासून विसाव्यापर्यंत सगळ्यांना. मागोमाग वह्या, रिटर्न, तपासण्या. माणसाला पाठ टेकायला वेळ उरत नाही. त्या शब्दाचा त्यांनी इतका धसका घेतला होता, की पिंपळे सौदागरला फ्लॅट झाला तेव्हा बायकोनं, सावित्रीबाईंनी, दारावर 'विसावा' अशी पाटी लावू म्हटलं आणि हे चप्पल घालून सरळ खाली फिरायला निघून गेले. शेवटी 'सावली'वर भागलं.

आज खंडेनवमी. सकाळपासून शॉप धुऊन काढलं होतं, प्रेस, ड्रिल आणि वेल्डिंगच्या मशिनींना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. सावित्रीबाईंचा नियम सरकारच्या नियमापेक्षा कडक होता. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. "वर्षातनं एक दिवस मागतात बिचाऱ्या," त्या म्हणायच्या. एका वर्षी मुलानं, धनेशनं, टायरमध्ये हवा भरायला कॉम्प्रेसर चालू केला होता, तर त्या दिवाळीपर्यंत त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या. ऑफिसातला कॉम्प्युटर आणि प्रिंटरही यातून सुटत नसत. त्यांनाही हळदकुंकू, त्यांनाही माळ.

त्या माळ घातलेल्या प्रिंटरला टेकून धनेश बायकोला भाषण वाचून दाखवत होता. सोमवारी कारखानदारांच्या संघटनेत मुंबईहून मोठे अधिकारी येणार होते, आणि संघटनेच्या अण्णासाहेबांनी लहान कारखानदारांतर्फे बोलायला धनेशला निवडलं होतं.

"आम्हाला अनुदान नको, मोकळीक द्या," धनेश वाचत होता. "कर कमी करा, कागद कमी करा. या पट्ट्यातला प्रत्येक लहान कारखानदार माणूस घ्यायला तयार आहे, पण विसाव्याला भितो. ही भीती काढा. मी आज इथं सांगतो, मी स्वतः माणूस वाढवीन."

योगिनीनं मान डोलावली. हे भाषण निम्मं तिचंच होतं. तीच एकोणीस नावं तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं भरायचं काम लग्नापासून तीच करत होती. प्रथमोपचाराच्या पेटीत कात्री सापडली नाही म्हणून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तिचा अख्खा दिवस खाल्ला होता, आणि कात्री त्याच पेटीत कापसाखाली होती. तेव्हा नियम कमी व्हावेत असं तिला नुसतं वाटत नव्हतं, ती त्यासाठी नवस बोलायला तयार होती. शेवटचं वाक्य मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

"माणूस वाढवीन म्हणतोस. पण तू तर रोबोट बुक केलायस."

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं? यंदा कर उतरला त्यातनं जे हातात राहिलं ते त्याच्याच ॲडव्हान्सला गेलं. चेक मीच लिहिला."

"अगं, भाषणात तत्त्व सांगायचं असतं. प्रत्येक वाक्याला माणूस उभा करायचा नसतो."

"बरं," योगिनी म्हणाली, आणि तिचं लक्ष दाराकडे गेलं. दारात ज्योतीराममामा उभे होते, हातात टोपी, आणि चेहरा असा उजळलेला की तिला पुढचं सगळं तिथंच कळलं.

ज्योतीराम म्हणजे सावित्रीबाईंचे धाकटे भाऊ. औशाहून रात्रभर एसटीनं आले होते. आतलं सगळं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण 'मी स्वतः माणूस वाढवीन' तेवढं स्वच्छ आलं होतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, 'लहान कारखान्यांना नियमांतून सूट' असं. गेला महिनाभर ते त्यांनी इतक्या जणांना दाखवलं होतं की घडीवरचं अक्षर पुसून गेलं होतं. तसं ते पाठच असल्यानं त्यांना वाचायची गरजही नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा सुजित वेल्डिंगचा आयटीआय झाला, तेव्हा त्यांनी पहिला फोन बहिणीला केला होता. सावित्रीबाई म्हणाल्या, "नियमात बसत नाही रे ज्योती, एकोणीस झालेत." मग उद्धवरावांनी फोन घेऊन शब्द दिला होता, "नियम सुटला की पहिला सुजित. लिहून ठेव." ज्योतीरामांनी लिहून नाही ठेवलं, पण विसरलेही नाहीत. सुजित आपला आपण चाकणला आला, आणि सात-सात महिन्यांच्या कंत्राटावर एका मोठ्या कंपनीतून दुसऱ्या मोठ्या कंपनीत फिरत राहिला. आताही तो शॉपच्या फाटकाबाहेर उभा होता. वडिलांनी ओढून आणलं म्हणून आला होता, आत मात्र यायला तयार नव्हता.

आरती झाली. सगळे शॉपमध्येच सतरंजीवर बसले. दर खंडेनवमीला सावित्रीबाई कामगारांना मिठाईचे पुडे आपल्या हातानं देत, माणशी एक. हलवायाला आकडा त्याच सांगत, त्यामुळे मस्टर न उघडताही शॉपमध्ये माणसं किती हे त्यांना कायम ठाऊक असे. एकोणीस पुडे देऊन झाले आणि कामगार घरी गेले. मागं घरचीच माणसं उरली. ज्योतीरामांनी खिशातून कात्रण काढलं आणि दाजींच्या पुढ्यात ठेवलं.

"दाजी, सुटला बगा नियम."

उद्धवरावांनी चष्मा शोधण्यात जमेल तेवढा वेळ घालवला. "पेपरातलं सगळंच खरं नसतं, ज्योतीराम. योगिनीला विचार, तिचं असतं ते सगळं."

योगिनीला सासऱ्यांनी आपल्याला पुढं ढकललेलं कळलं. "थोडं सैल झालंय, मामा," ती म्हणाली. "बऱ्याच वह्या एकत्र झाल्यात. पण विसाव्या माणसापासून पीएफ, ते तसंच आहे."

"मग धनेश आत्ता काय वाचलालता? माणूस वाढवीन म्हणून?"

"ते सोमवारचं भाषण आहे, मामा," धनेश म्हणाला.

"म्हंजे सोमवारपासून?"

योगिनीला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. धनेशनं मान खाली घातली. खोटं बोलणं त्याला जमत नसे, ते वडिलांकडून त्याच्याकडे आलं नव्हतं.

"मामा, खरं सांगतो. आपण ज्या कंपनीला माल देतो, तिला तो आता दुप्पट हवाय. माणसं वाढवली तर विसाची अट येते, म्हणून मी वेल्डिंगचा रोबोट घेतोय. डिसेंबरात येईल. आहेत त्याच एकोणीस जणांत भागेल."

ज्योतीरामांनी दाजींच्या पुढ्यातलं कात्रण आपल्याकडे ओढलं. मग त्यांनी कात्रणाची पुन्हा चौकोनी घडी घातली.

"नियम हुता तवा नियम आडवा आला," ते म्हणाले. "आता मशीन आडवी आली. माझ्या पोराला तेवडी जागा न्हाई."

"असं बोलू नकोस," उद्धवराव एकदम तापले. "मी काय सुजितच्या वाईटावर होतो का? तेव्हा एकोणीस भरलेले होते. हात बांधलेले होते माझे. सरकारनं बांधलेले."

"सतरा होते," सावित्रीबाई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात ड्रिलच्या मशिनीपाशी बसून रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होत्या. सगळ्यांनी वळून पाहिलं तरी त्यांचा हात थांबला नाही.

"काय?"

"सतरा होते तेव्हा. भैरू गावाला निघून गेला होता आणि त्या आंबेगावच्या पोराचं लग्न ठरलं म्हणून त्यानंही सोडलं होतं. मी पुडे सतरा आणले होते."

"अकरा वर्षांपूर्वीचं तुला काय आठवतंय!"

"तुम्हालाच विचारलं होतं, दोन जास्तीचे आणू का म्हणून. तुम्ही म्हणालात, कशाला, सतराच तर आहेत." त्यांनी शेवटची पिशवी गुडघ्यावर दाबून सपाट केली. "आणि त्याच्या चौथ्या दिवशी ज्योतीचा फोन आला. मी फोनवर हात ठेवून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बोटांनी एकोणीस करून दाखवलेत. मी पण एकोणीस म्हणाले."

आता त्यांना भावाकडे बघवेना. अकरा वर्षं दर राखीपौर्णिमेला हा भाऊ आला होता, जेवला होता, जाताना 'नियम सुटला की कळव अक्का' म्हणून गेला होता, आणि दर वेळी त्या 'हो' म्हणाल्या होत्या. नवऱ्याचं खोटं बायकोनं झाकायचं असतं, तसं झाकलं. पण उद्धवराव ते विसरून मोकळे झाले आणि त्यांना दर वर्षी पुडे मोजताना ते आठवायचं. सोळा, सतरा आणि मग पुढचं.

उद्धवरावांनी चष्मा काढला. त्यांना वाद घालता आला असता, पण पुड्यांचा हिशेब खोडून काढणं त्यांच्याच्यानं होईना.

"नात्यातला माणूस कामाला ठेवला की त्याला बोलता येत नाही," ते अखेर म्हणाले. "उशिरा आला तरी गप्प, हातातला जॉब बिघडवला तरी गप्प. बोललं की ते तुझ्या बहिणीला लागणार, मग घरात आठ दिवस अबोला. मी माझ्या सख्ख्या चुलतभावाचं बघितलं होतं. म्हणून नको वाटलं. पण तुला तोंडावर नाही म्हणवेना, ज्योतीराम. नियम हाताशी होता. तो पुढं केला."

बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रेलर धडधडत गेला.

"नाही म्हणलाव असताव तर बरं झालं असतं, दाजी," ज्योतीराम म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चार दिवस वाईट वाटलं असतं, पाचव्या दिशी दुसरीकडं बगितलं असतं. मी अकरा वर्षं सरकारला शिव्या घातल्या हो. पारावर बसून, लोकं गोळा करून. हे सरकार माझ्या पोराच्या पोटावर पाय देतंय म्हणून. दोन निवडणुका त्या रागात मत दिलं मी." त्यांनी टोपी गुडघ्यावर आपटली. "सरकारचं एक राहू द्या, ते काय माझं सोयरं न्हाई. पण तुमी हाव."

उद्धवरावांनी मान वर केली नाही. धनेशच्या खिशात भाषणाचे दोन कागद होते आणि त्यांची टोकं त्याला टोचायला लागली होती. तो उठून बाहेर गेला.

सुजित फाटकाशी मोटारसायकलवर तिरका बसला होता. तेहेतीस वर्षांचा, कानशिलावर केस पांढरे व्हायला लागलेले. आतलं त्याला ऐकू आलं की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"आत ये ना," धनेश म्हणाला.

"नको, दादा. बाबांचं झालं की निघतो. मला दुपारची शिफ्ट आहे."

"रागावलायस?"

"मला ते तेव्हाच कळलं होतं," सुजित म्हणाला. "तुमच्या भैरूची जागा रिकामी आहे हे मला इथल्याच वेल्डरनं सांगितलं होतं. बाबांना नाही सांगितलं. त्यांचा आतोबांवर लई विश्वास." मग त्यानं विचारलं, "रोबोट घेताय म्हणे. कुठला?"

धनेशनं नाव सांगितलं. सुजितनं भुवया वर केल्या.

"शिकवणार कोण त्याला?"

"शिकवायचं काय? सेल्समन म्हणाला, जॉब मशिनीत लावायचा आणि बटण दाबायचं."

सुजित पहिल्यांदा मनापासून हसला. "दादा, चार वर्षं मी त्याच्याच पुढं उभा आहे. जॉब दोन मिलिमीटर सरकला की तो हवेत वेल्डिंग करतो. चुकतोय ते त्याला कळत नाही, तो आपला मन लावून करत राहतो. मग कुणीतरी हात धरून शिकवावं लागतं, इथनं उचल, इथं टेकव. ते येणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर फोन लावायचा, आणि इंजिनिअर येईस्तोवर तीन दिवस मशीन बंद. तोवर कंपनीचा तुम्हाला तासातासाला फोन."

"आमच्यातल्या कुणाला जमेल का?"

"जमेल की. वर्षभरात."

धनेशकडे वर्ष नव्हतं. माल जानेवारीपासून दुप्पट द्यायचा होता. म्हणजे माणूस टाळायला मशीन घेतली होती आणि मशीनलाच माणूस लागत होता. एकाला घेतलं की पीएफ सगळ्या विसांना, हे त्याच्या डोक्यात वडिलांच्याच आवाजात उमटलं. त्यानं ते दोनदा उमटू दिलं. मग त्याच्या लक्षात आलं, की हिशेब कसाही मांडला तरी हा माणूस त्याला लागणारच आहे. अकरा वर्षांपूर्वीही लागत होताच.

"येशील?" त्यानं विचारलं.

"दया म्हणून नको, दादा. आत्याला वाईट वाटतंय म्हणून तर अजिबात नको."

"दया करायला मी कोण? तू नाही आलास तर जानेवारीत माझी वाट लागते. आत्ता तूच सांगितलंस ना."

सुजित मोटारसायकलवरून उतरला. "मग एक कागद दे."

"कसला?"

"नेमणुकीचा. तोंडी नको. सोमवारी भाषण आहे ना तुझं, कागद कमी करा म्हणून सांगशीलच. बरोबर आहे तुझं, आम्हालाही गेटपासला सतरा कागद लागतात. पण माझा हा एक वाढव." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता. "अकरा वर्षांत मला लई कागद मिळाले, दादा. माझं नाव असलेल्या प्रत्येक कागदावर खाली शेवटची तारीख होती. आता तर कंपन्यांच्या अटीत वय बसत नाही म्हणून तसला कागदही मिळायचा बंद होईल. बाबा नियम सुटायची वाट बघत राहिले, आणि माझं वय सुटलं."

दोघं आत आले. धनेशनं उभ्या उभ्याच वडिलांना सांगितलं.

"सगळ्यांचा पीएफ लागेल रे," उद्धवराव म्हणाले. आवाजात जोर नव्हता, सवय होती.

"लागेल. आणि बाबा, सोमवारी मी तेच बोलणार आहे. कर कमी करा, विसाची अट वर न्या, एकच माहिती तीनदा मागू नका. त्यातलं काही खोटं नाही. फक्त शेवटी 'वाढवीन' म्हणणार होतो, तिथं 'वाढवला' म्हणेन. मग खाली बसेन."

उद्धवराव सुजितकडे बघत राहिले. "उशिरा आलास तर बोलेन हां मी," ते म्हणाले.

"बोला की, आतोबा."

"आणि तू," ते बायकोकडे वळले, "मध्ये पडायचं नाही."

"मी अकरा वर्षं मध्ये पडले नाही, तेच चुकलं," सावित्रीबाई म्हणाल्या. उद्धवरावांनी ज्योतीरामांच्या पुढ्यातलं कात्रण उचललं, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच ते पूर्ण वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "चुकलं माझं, ज्योतीराम." ज्योतीरामांनी नुसती मान हलवली. त्यात माफी होती की नाही हे कुणालाच कळलं नाही, पण ते उठून गेले नाहीत.

"वहिनी, कागद तेवढा," सुजित म्हणाला.

"उद्या देते," योगिनी म्हणाली. तिच्या मनात खरोखर काही नव्हतं. "आज प्रिंटर पूजलाय ना. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

सुजित हसला. वाईट वाटल्याचं ते हसणं नव्हतं, ओळखीचं काही दिसल्याचं होतं. त्यानं गाडीची किल्ली हातात घेतली. ज्योतीरामांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि हात टेकून उठले. "चल बाबा," ते म्हणाले. "उद्या तर उद्या. आपल्याला सवय हाय."

सावित्रीबाई त्यांच्या आधी उठल्या होत्या. गुडघे दुखत असूनही त्या भराभर ऑफिसात गेल्या. सगळे दारापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांनी प्रिंटरवरची झेंडूची माळ काढून टेबलावर ठेवली होती. मग कॉम्प्युटरवरची काढली. हळदीची बोटं त्यांनी पदराला पुसली.

"आई, आज?" धनेश म्हणाला. "खंडेनवमीला?"

"बघून घेईन मी देवीचं," त्या म्हणाल्या. "योगिनी, चालू कर."

योगिनीला मजकूर तयार करायला वीस मिनिटं लागली, कारण असलं पत्र त्या शॉपमध्ये कधी निघालंच नव्हतं. तेवढा वेळ ज्योतीराम खुर्चीच्या कडेवर बसून होते. प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला, वरच्या कोपऱ्यात हळदीचा डाग घेऊन. धनेशनं सही केली, आणि सावित्रीबाईंनी तो आपल्या हातानं भाच्याला दिला, पुडा द्यावा तसा.

सुजितनं उभ्यानंच वाचला. नाव, हुद्दा, पगार, पीएफ. शेवटच्या ओळीपर्यंत आला आणि पुन्हा वरून वाचायला लागला. काहीतरी शोधत होता.

"काय राहिलं का?" योगिनीनं विचारलं.

"नाही, वहिनी," तो म्हणाला, आणि तरीही त्यानं कागद उलटा करून पाहिला. मागं काहीच लिहिलेलं नव्हतं.